शल्य आणि शल्यक

‘मनांत एक शल्य राहून गेलें’ असें आपण सहज म्हणतों. बोलणाऱ्याच्या अगर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें त्या वेळीं कोणतीहि वस्तु उभी राहत नाहीं. आंतल्या आंत सलणारें, बोलून न दाखवितां येणारें दुःख एवढाच अर्थ मराठींत ह्या शब्दाला आतां बहुतेक उरला आहे. मूळ संस्कृतांत मात्र शल्य ही हातांत धरतां येणारी वस्तु होती. बाणाचें टोंक, बाभळीचा कांटा, बांबूची शीग, हाडाची कपची, जें जें बाहेरून शरीरांत शिरतें, आंत राहतें आणि पीडा देतें, तें तें शल्य. तें बाहेर काढण्याची जी विद्या तिचें नांव शल्यतंत्र. आणि आज इस्पितळांत होणाऱ्या सर्व शस्त्रक्रियांना आपण जें शल्यचिकित्सा असें भारदस्त नांव देतों, तें ह्याच जुन्या कांटे काढण्याच्या विद्येवरून आलेलें आहे. आतां ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ पाहावा. अमरकोशांत शल्य हें एका प्राण्याचेंहि नांव म्हणून दिलेलें आहे. धर्मग्रंथांत त्यालाच शल्यक म्हटलेलें आढळतें. तो प्राणी म्हणजे आपलें साळिंदर. कोणी त्याला साळू म्हणतात, तर कोणी सायाळ.

ह्या प्राण्याच्या कांट्याचा इतिहास थोडक्यांत सांगावा असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. परंतु तो ज्यांनीं कांटा वापरला त्यांच्या बाजूनें सांगावयाचा नसून, ज्यांच्या अंगांत तो रुतला त्या कुत्र्यांच्या व गुरांच्या बाजूनें सांगावयाचा आहे. विषय क्षुद्र आहे असें वाचकांस प्रथम वाटेल. पण आपली विद्या कोणापर्यंत पोहोंचली आणि कोणाच्या दारापर्यंत जाऊन थांबली, हें कधीं कधीं अशा क्षुद्र विषयांतच स्पष्ट दिसतें.

साळिंदराचें अमरकोशांतील दुसरें नांव शल्याहूनहि बोलकें आहे. तें नांव श्वाविध्. श्वन् म्हणजे कुत्रा. कुत्र्याला वेधणारा तो श्वाविध्. हें नांव अमरसिंहानें बनविलेलें नाहीं. अथर्ववेदांत तें आलेलें आहे, म्हणजे तें निदान अडीच-तीन हजार वर्षांचें जुनें आहे. प्राण्यांना नांवें बहुधा त्यांच्या स्वतःच्या एखाद्या अवयवावरून, रंगावरून किंवा चालीवरून पडतात. सोंडेचा हात आहे म्हणून हत्ती, उरानें सरपटतो म्हणून उरग, एकदां अंड्याच्या रूपानें व पुन्हां अंड्यांतून बाहेर निघून असे दोन जन्म घेतो म्हणून पक्षी हा द्विज. साळिंदराचें हें नांव मात्र त्याच्या अंगावरून पडलेलें नाहीं, दुसऱ्याच्या जखमेवरून पडलेलें आहे. रात्रीं भुंकत अंधारांत धांवून गेलेला आपला कुत्रा तोंडांत, जिभेंत आणि छातींत कांटे घेऊन कण्हत परत आलेला कोणीतरी पाहिला असला पाहिजे. आणि हें इतक्या वेळां, इतक्या ठिकाणीं घडलें असलें पाहिजे कीं तेंच त्या प्राण्याचें लक्षण ठरलें. ज्यानें हें नांव प्रथम उच्चारलें तो यज्ञशाळेंतील पंडित असण्यापेक्षां कुत्रा बाळगणारा एखादा गुराखी असण्याचा संभव अधिक आहे.

योगायोग असा कीं, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी नांवाच्या रोमन ग्रंथकारानें आपल्या सृष्टिवर्णनाच्या ग्रंथांत साळिंदराविषयीं लिहितांना तें हिंदुस्थानांत व आफ्रिकेंत होतें असें सांगून, तें पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांचीं तोंडें विंधतें असेंच म्हटलें आहे. दोन दूरच्या देशांतील माणसांनीं साळिंदराची ओळख एकाच दुखण्यावरून करून घेतली.

अमरकोशकारानें आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती विसरण्यासारखी नाहीं. ह्या प्राण्याच्या कांट्याला शलली, शलल अशीं नांवें देतांना त्यानें त्याला प्राण्याचें लोम, म्हणजे केंस, असें म्हटलें आहे. आजचें प्राणिशास्त्रहि हेंच सांगतें. आपला केंस, गाईचें शिंग, घोड्याचा खूर आणि साळिंदराचा कांटा हीं सारीं एकाच जातीच्या द्रव्याचीं बनलेलीं आहेत. ह्या गोष्टीचें महत्त्व पुढें दिसून येईल.

कांट्याच्या धारकाविषयीं आपल्या शास्त्रग्रंथांनीं पुष्कळच लिहून ठेविलें आहे. गृह्यसूत्रांनीं सीमंतोन्नयन संस्कारांत पतीनें पत्नीचा भांग पाडावयाचा तो तीन ठिकाणीं पांढऱ्या असलेल्या साळिंदराच्या कांट्यानें पाडावा असें विधान केलें, आणि त्यामुळें कित्येक भिक्षुकांच्या घरीं दर्भाच्या व समिधांच्या शेजारीं साळूचा कांटा पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेला असे. धर्मशास्त्रानें पांच नखें असलेल्या प्राण्यांपैकीं भक्ष्य कोणते ह्याची यादी केली व तींत शल्यक आणि श्वाविध् ह्या दोघांनाहि घातलें. रामाच्या बाणानें पडलेला वाली त्याला जाब विचारतांना हीच यादी त्याच्यापुढें ठेवतो, आणि पतंजलीनें आपल्या महाभाष्यांत तीच व्याकरणाच्या चर्चेसाठीं उदाहरण म्हणून घेतली आहे. चरकानें ह्या कांट्यांची राख तूप, मध व साखर ह्यांबरोबर खोकल्यावर व दम्यावर सांगितली. उलट लोकांत अशी समजूत रूढ झाली कीं, ज्याच्या घरांत साळूचा कांटा कोणी टाकील त्याच्या घरांत भांडणें माजतात. असा हा कांटा सुवासिनीच्या भांगांत गेला, वैद्याच्या खलांत गेला, शेजाऱ्याच्या द्वेषांतहि गेला. ज्या कुत्र्यामुळें ह्या प्राण्याला नांव मिळालें, त्याच्या तोंडांतला कांटा कसा काढावा, हें मात्र ह्या ग्रंथांपैकीं एकानेंहि सांगितलें नाहीं.

प्रथम तो कांटा लागतो कसा तें पाहूं. साळिंदर कांटे बाणासारखे फेंकून मारतें अशी समजूत आपल्याकडे खेडोपाडीं आहे, आणि हीच समजूत ॲरिस्टॉटलच्या व प्लिनीच्या ग्रंथांतहि आहे. ती खरी नाहीं. मोठें साळिंदर वजनानें ११ ते १८ किलो असतें, दिवसा बिळांत राहतें आणि रात्रीं कंद, मुळें, साली व पडलेलीं फळें खात हिंडतें. शत्रु जवळ आला म्हणजे तें कांटे उभारतें, पाय आपटतें आणि शेंपटावरील पोकळ कांटे खुळखुळ वाजवितें. हा इशारा ज्याला समजत नाहीं त्याच्यावर तें तोंड फिरवून पाठीमागें, वेगानें, उलटें चालून जातें. पाठीचे आंखूड, जाड आणि टणक कांटे शत्रूच्या अंगांत घुसतात, आणि मुळाशीं सैल असल्यामुळें साळिंदराच्या अंगांतून सुटून तेथेंच राहतात. वाघासारखा अनुभवी प्राणीहि ह्यांत फसतो, मग कुत्र्याचें काय? कुत्रा तोंडानें लढतो, म्हणून त्याला कांटे लागतात ते नाकांत, ओंठांत, जिभेंत, टाळूंत, मानेंत व छातींत. गाय-बैल त्याच्याशीं लढावयास जात नाहींत. पण वासरूं कुतूहलानें हुंगावयास जातें आणि मुसकटांत कांटा घेऊन येतें, किंवा बिळाजवळ पडलेल्या कांट्यावर चरणाऱ्या जनावराचा पाय पडतो व तें लंगडूं लागतें.

आपल्या साळिंदराचा कांटा व अमेरिकेंतील साळिंदराचा कांटा ह्यांत एक मोठा फरक आहे. त्या प्राण्याच्या अंगावर सुमारें ३०,००० कांटे असतात, आणि प्रत्येकाच्या टोंकाला डोळ्यांना न दिसणारे असंख्य उलटे दांते असतात. त्यामुळें तो कांटा सहज शिरतो व बाहेर निघतांना मांस ओढून धरतो. आपल्याकडील कांटा गुळगुळीत असतो. तो सुरीसारखा खोल जातो आणि सरळ ओढला तर सरळ निघतो. मात्र त्याचें टोंक मोडलें तर तें आंत राहतें, आणि खरें संकट तेथूनच सुरू होतें.

आतां सुश्रुताकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सव्विसावा अध्याय शरीरांत दडलेलें शल्य ओळखावें कसें ह्याविषयीं आहे, आणि सत्ताविसावा तें काढावें कसें ह्याविषयीं. त्या अध्यायांत कोठेंहि साळिंदराचा कांटा काढण्याचा प्रसंग वर्णिलेला नाहीं. तरी प्रत्येक सूत्र जणूं त्याच कांट्याकरितां लिहिलें आहे असें वाटतें. सुश्रुत म्हणतो कीं, कांहीं धातूंचीं शल्यें देहाच्या उष्णतेनें कालांतरानें विरून जातात. परंतु शिंग, दांत, केंस, हाड, बांबू, लांकूड, दगड हीं कधींहि विरत नाहींत. साळिंदराचा कांटा हा केंस आहे हें अमरकोशावरून आपण पाहिलेंच. दोन्ही विधानें एकत्र ठेवलीं म्हणजे निष्कर्ष उघड होतो : तो कांटा आपोआप जिरेल अशी वाट पाहत बसूं नये.

शल्य दिसत नसेल तर काय करावें? त्या जागीं थिजलेलें तूप किंवा चंदनाचा लेप लावावा. जेथें तूप आधीं वितळेल किंवा लेप आधीं वाळेल, तेथें आंत शल्य आहे असें समजावें. आंत सूज असली म्हणजे ती जागा ऊन लागते, हें ज्ञान ह्या युक्तीच्या बुडाशीं आहे. शल्य काढण्याच्या दिशा दोनच : वरवर असेल तर ज्या वाटेनें शिरलें त्याच वाटेनें उलट ओढावें, आरपार जाण्याच्या बेतांत असेल तर पुढच्याच बाजूनें काढावें. कर्ण म्हणजे उलटे दांते असलेलें शल्य आणि बिनकर्णाचें शल्य असा भेदहि सुश्रुतानें केलेला आहे. बिनकर्णाचें, मोकळें व रुंद तोंडाच्या जखमेंतील लोखंडी शल्य लोहचुंबकानें काढावें असें तो सांगतो. हाडांत घट्ट बसलेलें शल्य दोरीनें घोड्याच्या लगामाला बांधून घोड्याला चाबूक मारावा, म्हणजे त्यानें मान उचलतांच तें निघून येईल, किंवा वांकविलेल्या फांदीला बांधून फांदी सोडावी, इतका धीट उपायहि त्यानें दिला आहे. त्याच्या १०१ यंत्रांत निरनिराळ्या पशुपक्ष्यांच्या तोंडांसारखीं चिमट्याचीं तोंडें केलेलीं आहेत; कारण धरावयाचें तें घट्ट, पण चिरडूं नये, हें त्याला पक्कें ठाऊक होतें.

एवढी परिपूर्ण विद्या ज्या देशांत होती, त्या देशांतील कुत्र्याला आणि बैलाला तिचा उपयोग किती झाला? सुश्रुताचा रुग्ण मनुष्य होता. पशुवैद्यकहि आपल्याकडे नव्हतें असें नाहीं. पालकाप्याच्या हस्त्यायुर्वेदांत हत्तींसाठीं एक संबंध शल्यस्थान आहे. शालिहोत्राच्या नांवावर घोड्यांचें वैद्यक इतकें प्रसिद्ध झालें कीं, घोड्यांच्या वैद्याला आपण मराठींत सालोत्री म्हणूं लागलों तें त्याच्याच नांवावरून. पण हत्ती आणि घोडा हीं राजाचीं जनावरें. लढाई त्यांच्यावांचून होत नसे. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें मानसोल्लास लिहिला, त्यांत कुत्र्यांसाठीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. तें राजाच्या करमणुकीचें आहे. शेत नांगरणारा बैल आणि तें राखणारा कुत्रा ह्यांच्या जखमा ज्ञानाच्या दरबारांत कधीं रुजू झाल्या नाहींत.

हें अंतर किती थोडक्या जागेंत पडलेलें असतें, तें पाहण्यासाठीं वऱ्हाडांतील एकच जिल्हा घेऊं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ सालीं येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला तेव्हां ह्या शाखेचा इतिहास उजेडांत आला. ह्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः प्राकृत कवि होता, आणि हिच्यांतील हरिषेणाच्या वराहदेव नांवाच्या मंत्र्यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. राजशेखरानें तर आपल्या काव्यमीमांसेंत काव्यपुरुषाचा व साहित्यविद्येचा विवाह ह्याच वत्सगुल्मांत लावून दिला आहे. शेजारच्या कारंजांत जैन भांडारांतून शेंकडों हस्तलिखितें जपून ठेविलेलीं आहेत. ग्रंथांची, काव्याची आणि धर्माची अशी ही भूमि.

पण ह्याच भूमीवर, त्याच मंगरूळपीर-मानोऱ्याच्या बाजूस, अक्षराशीं संबंध नसलेला दुसरा एक इतिहास वावरत होता. तो बंजाऱ्यांच्या तांड्यांचा. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें त्यांचें पवित्र स्थान. रेल्वे येण्यापूर्वीं धान्य व मीठ बैलांच्या पाठीवर लादून शेंकडों कोस नेणारे हे लोक दख्खनच्या प्रत्येक सैन्याचा पोटाचा आधार होते. १८०३ सालीं वेलस्लीनें वऱ्हाडांत अडगांवची लढाई मारली व गाविलगड घेतला, त्या मोहिमेंत त्याच्या फौजेचें धान्य बंजाऱ्यांच्याच बैलांवरून येत होतें. ह्या तांड्यांना हजारों बैल संभाळावे लागत, आणि रात्रीं मुक्कामावर माल व जनावरें राखण्याचें काम त्यांच्या धिप्पाड कुत्र्यांचें असे. जंगलाच्या कडेला उतरलेला तांडा, रात्रीं हिंडणारें साळिंदर आणि जागा असलेला कुत्रा. ह्यांची गांठ पडली म्हणजे काय होत असेल हें निराळें सांगावयास नको. आणि तेथें सुश्रुतसंहिता उघडून वाचणारा कोणी नव्हता. १८६७ सालीं लोहमार्ग अकोल्यावरून नागपुरास पोहोंचला, लदेणीचा धंदा बसला आणि तांडे हळूहळू एका जागीं स्थिरावून शेती करूं लागले. तरी बैल आणि कुत्रा हीं त्यांच्याबरोबर राहिलींच.

मग हे कांटे काढले कोणी? ज्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत नाहींत अशा हातांनीं. बैलाचे पाय दोरीनें आंवळून त्याला अलगद आडवा पाडण्याचें कसब नालबंदापाशीं होतें. जनावराला वेसणीनें धरून त्याच्या कानाशीं बोलत त्याला शांत ठेवणें गुराख्याला येत होतें. सांडशी किंवा चिमटा लोहाराकडे असे. कांटा निघाल्यावर जखमेंत हळद व तेल भरावें, ती कडुनिंबाच्या पाण्यानें धुवावी, तिच्यांत किडे पडलेच तर सीताफळीच्या पाल्याचा रस पिळावा, हें घरांतल्या आजीलाहि ठाऊक होतें. गांवोगांव फिरणारा वैदू तुंबडी लावून रक्त-पू ओढून काढी. आणि सुश्रुतानें शल्य काढण्याचे जे पंधरा उपाय सांगितले आहेत, त्यांत तोंडानें किंवा शिंगानें चोखून काढणें हा एक आहेच. म्हणजे पोथींतली क्रिया हातांत होती आणि हातांतली पोथींत होती. दोघांना एकमेकांची ओळख मात्र नव्हती. वत्सगुल्मांत काव्यपुरुषाला वधू मिळाली. शास्त्राचें आणि हाताचें लग्न तेथें कोणी लावून दिलें नाहीं.

ह्या वियोगाची किंमत दोन्ही बाजूंनीं भरली. शास्त्र वापरावांचून थिजत गेलें, आणि हाताला आपलें कारण कधीं कळलें नाहीं. गुराख्याला कांटा काढतां येई, पण आंत राहिलेलें टोंक आठ दिवसांनीं दुसऱ्याच जागीं गळूं होऊन कां वर येतें, हें त्याला कोणी सांगितलें नाहीं. जखमेंत शेण-माती गेल्यानें धनुर्वात होतो, हें १८८९ सालीं किटासाटोनें त्या रोगाचे जंतु वेगळे काढून दाखवीपर्यंत जगांतल्या कोणत्याच वैद्याला नीट समजलें नव्हतें; पण जखम आणि हत्यार स्वच्छ ठेवावें एवढी शिकवण सुश्रुताच्या धूपनाच्या व प्रक्षालनाच्या सूत्रांतून गोठ्यापर्यंत पोहोंचती, तरी पुष्कळ जनावरें वांचलीं असतीं.

ज्याचा कांटा काढणारें कोणीच नाहीं, अशा जनावराचें काय होतें, ह्याचें उत्तर जिम कॉर्बेटनें देऊन ठेविलें आहे. १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें कुमाऊंतील मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीची हकीकत दिली आहे. वयानें ती तरुणच होती. साळिंदराशीं झालेल्या झटापटींत तिचा एक डोळा गेला, आणि उजव्या पुढच्या पायांत एक इंचापासून नऊ इंचांपर्यंत लांबीचे सुमारें पन्नास कांटे रुतले. कित्येक तर हाडावर आपटून वळले होते. शिकार करणें अशक्य झालेली ती वाघीण गवतांत पडून असतां, गुरांसाठीं गवत कापणारी एक बाई नकळत अगदीं तिच्याजवळ येऊन पोहोंचली. ती तिचा पहिला बळी. मारली जाण्यापूर्वीं त्या वाघिणीनें २४ माणसें मारलीं. आपण मारलेल्या नरभक्षक वाघांच्या अंगांतून कॉर्बेटनें दोनएकशें कांटे काढले होते, आणि ते सारे कातड्याखालीं मोडलेले होते असें तो सांगतो. ‘मोडलेले’ हा शब्द येथें महत्त्वाचा. वाघ कांटा दातांनीं ओढतो, तो तुटतो, आणि आंतला तुकडा कोणी काढीत नाहीं.

त्याच मुक्तेश्वराला पशुवैद्यकाच्या इतिहासांतहि मोठें स्थान आहे. १८८९ सालीं पुण्यांत स्थापन झालेली सरकारची जंतुशास्त्राची प्रयोगशाळा १८९३ सालीं तेथेंच हलविण्यांत आली आणि बुळकांडीसारख्या गुरांच्या सांथींवरील लशींचें काम तेथें झालें. त्या कामाचें मोल थोर आहे. २०११ सालीं बुळकांडी पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें, त्या यशाचा पाया अशाच ठिकाणीं घातला गेला. मुंबईंतहि जनावरांच्या उपचारांचा आरंभ ह्याच शतकांतला. १८३२ सालीं मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकमावरून तेथें दंगा झाला, आणि १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद ह्यांच्या पुढाकारानें पांजरापोळ निघाली. पुढें परळास बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ झालें व १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. परंतु सरकारी दप्तराची नजर स्वभावतःच सांथीवर असते. सांथींत मेलेलीं गुरें मोजलीं जातात. कांटा लागून लंगडा झालेला एका कुणब्याचा एक बैल कोणत्याच तक्त्यांत येत नाहीं. वाशीमचा जिल्हा १९०५ सालीं मोडला, १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां स्वतंत्र झाला. ह्या अवधींतील पिकांचे, पावसाचे व रोगांचे आंकडे मिळतील, पण काढलेल्या कांट्यांचा हिशेब मिळणार नाहीं.

आज परिस्थिति पुष्कळ बदलली आहे. १९५८ सालीं नागपुरास पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, पुढें अकोल्यासहि ह्या विषयाच्या उच्च शिक्षणाची सोय झाली, आणि तालुक्याच्या गांवीं पशुवैद्य असणें ही आतां नवलाई राहिलेली नाहीं. १९६२ सालीं शोध लागलेल्या झायलाझिनसारख्या औषधांनीं जनावराला गुंगी आणतां येते. त्याला दोरीनें आंवळून वेदना सोसावयास लावण्याचें कारण राहिलेलें नाहीं. ह्या औषधाला गाय-बैल इतके हळवे असतात कीं घोड्याच्या मात्रेच्या दशांशानेंहि त्यांचें काम भागतें, म्हणून तें जाणत्यानेंच द्यावें. कांटा हा केंसच असल्यामुळें क्ष-किरणांच्या चित्रांत तो बहुधा दिसत नाहीं. ध्वनिलहरींच्या यंत्रानें मात्र त्याचा माग लागतो. थिजलेल्या तुपाची जागा ह्या यंत्रानें घेतली. प्रश्न तोच राहिला आहे.

आणि मुख्य रीतहि तीच आहे. ती सोपी आहे, पण घाई तिला मानवत नाहीं. कुत्र्याला प्रथम पंजानें तोंड घांसूं देऊं नये, कारण बहुतेक कांटे तेथेंच मोडतात. कांटा मध्येंच कापूं नये. कापल्यानें तो सैल होतो ही समजूत चुकीची आहे, उलट तो चिरफळतो. कातड्याच्या अगदीं लगत धरून, ज्या रेषेंत शिरला त्याच रेषेंत, न पिळतां, एका ओढींत काढावा. निघालेल्या प्रत्येक कांट्याचें टोंक शाबूत आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि कांटे मोजून ठेवावे. नंतर जीभ, टाळू, बोटांच्या बेचक्या आणि केंसांखालचें कातडें हातानें चांचपावें. डोळ्याजवळचा, छातींतला किंवा सांध्यांतला कांटा घरीं ओढूं नये. तो पशुवैद्याकडेच न्यावा, कारण आंतली नस अगर फुप्फुस फाटलें तर हातांत कांहींच उरत नाहीं. पुढें पंधरा दिवस जनावर लंगडतें काय, खातांना थांबतें काय, कोठें गांठ धरते काय, इकडे लक्ष ठेवावें. ह्यांतलें बहुतेक सुश्रुताला मान्य झालें असतें, आणि पुष्कळसें तांड्यांतल्या म्हाताऱ्यालाहि.

साळिंदरावर राग धरण्याचें मात्र कारण नाहीं. तें कोणाच्या अंगावर आपण होऊन जात नाहीं. आधीं पाय आपटतें, कांटे वाजवितें, पुरेसा इशारा देतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यालाहि अभय दिलें आहे, आणि त्याची शिकार करणें हा गुन्हा आहे. रात्रीं कुत्रा बांधून ठेवावा, बिळांजवळ गुरें चारूं नयेत, एवढ्यानेंच पुष्कळ काम होतें.

इतिहास लिहिणाऱ्या माणसाला ह्या सगळ्या कथेंत एक गोष्ट विशेष विचार करावयास लावते. आपल्या प्राचीन वाङ्मयांत मुक्या जनावरांच्या दुःखाविषयीं करुणेचे उद्गार पुष्कळ आहेत. त्या दुःखाची नेमकी नोंद मात्र फार थोडी. श्वाविध् हा शब्द ती नोंद आहे. एका ओळीचाहि ग्रंथ न लिहिलेल्या कोणा माणसानें आपल्या कुत्र्याची जखम पाहिली, आणि जें पाहिलें तेंच नांव म्हणून ठेवलें. पंडितांनीं तें नांव कोशांत उतरून घेतलें, त्याची व्युत्पत्ति सांगितली, आणि जखमेकडे पाहण्याचें काम पुन्हां त्याच्यावरच सोडून दिलें. आज पशुवैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुश्रुताचे ते दोन अध्याय वाचावयास द्यावेत, आणि त्याच विद्यार्थ्यानें एखाद्या तांड्यावर जाऊन म्हाताऱ्या गुराख्याचा हात कसा चालतो तेंहि पाहून लिहून ठेवावें, अशी इच्छा होते. तें पाहणारे डोळे अजून आहेत. तो हात मात्र दरवर्षीं थोडथोडा कमी होत चालला आहे.